लाम्ब्रिनीमावशीची सही

अर्ज भरायचा म्हटलं की अरेती झीकू घाबरायची. तशी ती जन्माचीच भित्री. टपाल कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली की स्वतःचं आडनाव आठवायचं नाही, आणि फोन वाजला तर आधी छातीवर क्रॉसची खूण करून मग उचलायची. अशा बाईनं पीएच.डी.साठी विषय निवडला तो मयताला बायका गातात त्या विलापगीतांचा. यानिना शहरात ज्या खासगी शिकवणीत ती संध्याकाळी पोरांना व्याकरण शिकवायची, तिथले मास्तर तिला विचारायचे, "काय अरेती, रडगाणी कुठवर आली तुझी?" ती कसनुसं हसायची. नऊ वर्षं झाली होती आणि रडगाणी चौथ्या प्रकरणात रुतून बसली होती.

अठ्ठ्याण्णवच्या शरदात विद्यापीठाचं पत्र आलं. पुढच्या जूनपर्यंत प्रबंध हाती आला नाही तर नाव कमी करण्यात येईल. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची क्रियापदं सुधारणाऱ्या बाईला जूनपर्यंत प्रबंध कुठून जमणार? मार्गदर्शक बाईंनी एकच वाट दाखवली. अथेन्सचं एक प्रतिष्ठान प्रबंध पुरा करण्यासाठी फेलोशिप देत असे. ती मिळाली की विद्यापीठही वर्षभराची मुदत वाढवून देई, आणि शिकवणी सोडून घरी बसून लिहिता येई. वयाची अट होती छत्तीस. अरेती जानेवारीत सदतिसाची होणार होती. म्हणजे काय ते आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

अर्ज अकरा पानांचा. तिनं आधी पेन्सिलीनं भरला, मग शाईनं, आणि नवव्या पानावर येऊन थांबली. ज्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली त्या प्रत्येकीची या पानाच्या वेगळ्या प्रतीवर लेखी संमती हवी होती, आणि खाली सही खरी असल्याचा पोलीस ठाण्याचा शिक्का. यात नवल काही नाही. आमच्याकडे माणसाची सही माणसाची आहे हे पोलिसांनी सांगितल्याशिवाय कुणी मानत नाही. चौदा बायका होत्या. तेरा जणी रविवारचे कपडे घालून ठाण्यात आल्या, कुणी नाव लिहिलं, कुणी फुली मारली, आणि बाहेर चौकात बसून अरेतीच्या खर्चानं कॉफी प्यायल्या. चौदावी होती लाम्ब्रिनी कोत्सीना, आणि चौथं प्रकरण उभं होतं ते तिच्या एकटीच्या गाण्यावर.

लाम्ब्रिनी डोंगरातल्या गावात वरच्या आळीला एकटी राहायची. अडुसष्ट वर्षांची, पाठ ताठ, बोलणं मोजकं. ज्याचं प्रेत घरी आलंच नाही त्याच्यासाठी कसं गायचं हे त्या भागात आता तिलाच ठाऊक होतं. टेबलावर त्या माणसाचा कोट पसरायचा, बाह्या दुमडायच्या आणि कोटाकडे बघून गायचं. तिनं अरेतीसमोर आपला थोरला भाऊ स्ताथिस याच्या कोटावर गायलं होतं. यादवी युद्धात तो कम्युनिस्ट बंडखोरांबरोबर डोंगरात गेला, तिथून सरहद्दीपलीकडे, आणि तिकडेच वारला. त्या गाण्याची टेप ऐकताना अरेतीच्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

लाम्ब्रिनीला अक्षरओळख नाही असं सगळं गाव समजायचं. पोस्टमन पेन्शन घेऊन आला की ती फुली मारायची. पण सहा वर्षांच्या येण्याजाण्यात अरेतीनं एकदा तिला फडताळात अंथरलेला जुना पेपर वाचताना पाहिलं होतं, नाकावर चष्मा, ओठ हलताहेत. अरेती दिसताच तिनं चोरी पकडल्यासारखा चष्मा काढला. अरेतीनं काही विचारलं नाही. भित्र्या माणसाचा एवढा गुण असतो, तो दुसऱ्याला अवघड प्रश्न विचारत नाही.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा अरेती कागद घेऊन तिच्याकडे गेली. लाम्ब्रिनीनं नेहमीसारखा बशीत बिहीच्या फळांचा मोरांबा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. गाणं छापायला तिची ना नव्हती. टेप अथेन्सला ऐकव, अमेरिकेला ऐकव, म्हणाली. कागद पाहिल्यावर मात्र तिनं हात ॲप्रनखाली घेतले.

"सही मी करत नाही, पोरी."

"मावशी, फुली मार. फुली चालते. माझ्याबरोबर ठाण्यापर्यंत चल फक्त, गाडी सांगितलीय मी."

"पोस्टमनला फुली देते मी. पोलिसांच्या शिक्क्यापुढं तीही देणार नाही."

अरेतीनं विनवलं, जूनचं सांगितलं, नऊ वर्षांचं सांगितलं, आणि शेवटी रडली. लाम्ब्रिनीला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. ती उठून अरेतीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पण का नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि अरेतीनं विचारलं नाही. पहिल्यांदाच त्या गुणाचा दोष झाला.

खाली मोठ्या गावात ठाण्यावर थीमिओस होता, अरेतीचा शाळेतला सोबती. पोटानं सुटलेला, मनानं मऊ, कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. शिक्क्यावाचून भागेल का, एवढंच विचारायला ती आत गेली होती. थीमिओसनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"गाणं छापायला म्हातारी हो म्हणाली ना? मग झालं की. तिला कशाला तंगडतोड? तू लिही नाव, मी मारतो शिक्का."

"असं कसं, थीमिओस?"

"अगं, अर्धं गाव असंच चालतं. उद्या कोण बघतंय?"

अरेतीनं टेबलावरचं पेन उचललं. लाम्ब्रिनी कोत्सीना, तिनं लिहिलं. शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट टपालात टाकलं आणि पेटीच्या फटीत बोटं घालून ते परत लागतंय का ते बघत उभी राहिली. मागचा माणूस खाकरला तेव्हा बाजूला झाली.

त्यानंतरचे दोन महिने तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. दारावर थाप पडली की पोलीस आले असं वाटायचं. मग वाटायचं, पोलिसांनीच तर शिक्का मारलाय, ते कशाला येतील? तेवढ्यापुरतं हायसं व्हायचं, आणि मग थीमिओसची बायको आणि दोन मुलं डोळ्यांपुढे यायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. शिकवणीत एका पोरानं वडिलांच्या नावानं रजेची चिठ्ठी स्वतःच लिहून आणली, तर ती रागावायच्या ऐवजी वर्गाबाहेर निघून गेली.

डिसेंबरात मुलाखतीचं बोलावणं आलं. अथेन्सला लांबलचक टेबलापलीकडे पाच जण. पांढऱ्या भुवयांचे एक वयस्क गृहस्थ अध्यक्ष होते. प्रबंधावर दोन-चार प्रश्न झाल्यावर त्यांनी लाम्ब्रिनीच्या सहीचं नववं पान वर धरलं.

"बाई, मी त्याच डोंगरातला. तिथल्या बंडखोरांच्या घरच्या बायका ठाण्यात पाऊल टाकत नाहीत. आणि हिनं, सख्खा भाऊ सरहद्दीपलीकडे गेलेला असून, शिक्क्यासमोर नाव लिहिलं. तुम्ही हे कसं मिळवलंत?"

खोटं तिला बोलता आलं नाही आणि खरंही. "फार वेळ लागला," एवढंच ती म्हणाली. गृहस्थांनी समजल्यासारखी मान हलवली आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, विश्वास मिळवणं म्हणजे हेच. बारा दिवसांनी पत्र आलं. फेलोशिप मिळाली होती, आणि मिळाली होती ती त्या नवव्या पानामुळे.

आनंद असा झालाच नाही. तरी रीत म्हणून तिनं मिठाईचा डबा घेतला आणि डोंगरातली बस धरली. मावशीला सांगितलं नसतं तर तिला बाहेरून कळलं असतं, तीही भीती होतीच. लाम्ब्रिनीनं बातमी ऐकून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दोन्ही गालांचे मुके घेतले.

"देवानं माझी लाज राखली," ती म्हणाली. "तुला रडवून पाठवलं, तेव्हापासून मला चैन नव्हतं. झालं ना तुझं काम माझ्या सहीवाचून? मग आता सांगते तुला."

तिनं शेगडीत लाकूड सरकवलं आणि बसली.

"एकोणपन्नासच्या मार्चात त्याच ठाण्यात नेलं होतं मला. कागदावर लिहिलेलं, भाऊ देशद्रोही आहे, माझा त्याचा संबंध नाही. कर सही. मी एकोणीस वर्षांची. तीन दिवस उभी होते. नाही केली. चौथ्या दिवशी सार्जंट म्हणाला, जा घरी, तुझ्यावाचून अडत नाही आमचं. रविवारी पाद्र्यानं चर्चमध्ये संबंध तोडलेल्यांच्या यादीत माझं नाव वाचलं. पेपरात छापून आलं, खाली माझी म्हणून त्या सार्जंटनं केलेली सही, जशीच्या तशी. स्ताथिस पुढं ताश्कंदला गेला. तिथं कुणीतरी त्याला ते कात्रण दिलं. त्याचं एक पत्र आलं नाही मला. त्र्याऐंशीला तिकडून एक जण परत आला, तो म्हणाला, ते कात्रण मरेपर्यंत पाकिटात होतं त्याच्या."

अरेतीच्या मांडीवर मिठाईचा डबा तसाच होता.

"तेव्हापासून मी कशावर नाव लिहिलं नाही. लोक अडाणी म्हणतात, म्हणू देत. माझी सही जगात कुठंच नाही, पोरी. मग जिथं दिसेल तिथं ती खोटीच, नाही का? एवढा एकच पुरावा आहे माझ्याजवळ. वर गेल्यावर स्ताथिसला तोच सांगणार आहे मी."

कागद अथेन्सच्या एका कपाटात होता. कोण उघडणार होतं ते? अरेती गप्प राहिली असती तर कुणालाही, कधीही कळलं नसतं, आणि तिला गप्प राहायचं होतं. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. पोलिसांची नाही, प्रतिष्ठानची नाही. समोरच्या म्हातारीच्या चेहऱ्याची.

"मावशी, एक आहे," ती म्हणाली.

"काय एक?"

"सही. तुझी. मी केली. त्याच ठाण्यात."

 लाम्ब्रिनी उठली आणि पुढ्यातली मोरांब्याची बशी उचलून आत ठेवून आली. आमच्याकडे पाहुण्यापुढची बशी कुणी उचलत नाही.

"कुठाय कागद?"

"अथेन्सला."

"आण," ती म्हणाली आणि दार उघडून धरलं.

पांढऱ्या भुवयांच्या गृहस्थांनी अरेतीचं सगळं ऐकलं आणि फाइलीतून नववं पान काढून तिच्या हातात दिलं. फेलोशिप यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. जूनमध्ये विद्यापीठानं नाव कमी केलं. थीमिओसची दूरच्या बेटावर बदली झाली, तो तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि त्यात त्याचं चुकलं असं अरेतीनं कधी म्हटलं नाही. ती अजून त्याच शिकवणीत व्याकरण शिकवते. रडगाण्यांबद्दल आता कुणी विचारत नाही.

कागद घेऊन ती गेली त्या दिवशी लाम्ब्रिनीनं तिच्यादेखत चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून सगळं पान वाचलं, शिक्कासुद्धा. सहीपाशी तिची नजर थांबली. अरेती दारातच उभी होती, आत ये असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"अक्षर बरं आहे तुझं," लाम्ब्रिनी म्हणाली. "त्या सार्जंटचं अगदीच गिचमिड होतं."

मग तिनं शेगडीचं झाकण काढलं, कागद आत सारला, आणि तो जळून काळा होईपर्यंत वाकून बघत राहिली. "आता परत कुठंच नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. झाकण लावून तिनं त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं. पाणी तिनं दोन कपांचं घातलं होतं.