मागे कोण कोण

आमचे मामा वर्तमानपत्र उघडत ते थेट निधन वार्तांच्या पानावर. हातात मामीची शिवणाची कात्री, शेजारी खळीची वाटी. गोतावळ्यातलं कोणी गेलेलं दिसलं की तेवढा चौकोन कापून जाड वहीत चिकटवत. मी अकोल्याहून अमरावतीला गेले की पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी विचारत, "तुमच्याकडे कोण गेलं?" कोणी नाही म्हटलं तर हिरमुसत.

या कात्रणांवरून ते घराण्याची वंशावळ जुळवत होते. सगळा भर 'त्यांच्या मागे' या ओळीवर. "जलमाची बातमी कोनी छापत नाही. मेल्यावर मातर सारं घर एका ओळीत सापडते," ते म्हणत. अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत आमचा मूळपुरुष अमरावतीत येऊन कापसाच्या व्यापारात मोठा झाला. त्याच्या मृत्यूची बातमी मामांना हवी होती. त्याचं नाव घेताना ते शर्टाचं वरचं बटण लावून घेत.

आईचं नाव मात्र त्या वहीत नव्हतं. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. आजोबा गेले तेव्हा मामांनीच मजकूर दिला: मागे पत्नी व एक मुलगा. आईला बाप गेल्याचं कळलं ते शेजारणीच्या वर्तमानपत्रातून, आणि आपण त्याची कोणी नसल्याचंही त्याच ओळीतून. पुढे येणं-जाणं सुरू झालं, मामा भाऊबीजेला हौसेनं जेवून जात. पण छापून आलं तेवढंच खरं, हा त्यांचा नियम. छापायला कोणी दिलं, हे ते सोयीनं विसरत. मी अमरावतीला निघाले की आई एवढंच म्हणे, "त्या वहीत माहं नाव टाक म्हना त्याले."

त्यासाठीच मी मामांबरोबर वाचनालयात बसू लागले. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून जुने अंक मी वाचायचे. तिसऱ्या हिवाळ्यात ती बातमी सापडली. कापसाचे नामांकित व्यापारी, दानशूर वगैरे. मागे दोन पुत्र, आणि दोघांची नावं. मामांचे पणजोबा त्याचे तिसरे पुत्र. त्यांचं नाव नव्हतं.

मामांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "नाव गाळलं म्हनून मानूस नव्हता का?"

"मग आई?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माह्या बातमीत टाकजो तिचं नाव. माह्या मागं बहीन हाये म्हनून. जितेपनी मी काही बदलत नाही."

हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली. "म्हंजे त्याच्या मरनाची वाट पाहू का मी?"

तेवढीही वाट तिला पाहता आली नाही. मागे राहिलेल्यांचीच नावं छापतात, आणि आई आधी गेली. तिच्या बातमीत मी हट्टानं लिहिलं: त्यांच्या मागे भाऊ व मुलगी. मामांचं नाव पूर्ण घातलं.

दोन वर्षांनी मामा गेले. मजकूर लिहायला मामीनं मलाच बसवलं, नावं चुकू नयेत म्हणून ती वही पुढ्यात ठेवली. शेवटच्या पानावर आईची बातमी चिकटवलेली होती. मला भरून आलं. मामांवर माझा जीव होता, अजूनही आहे. मग लक्षात आलं, चौकोन जरा आखूड आहे. शेवटची, 'त्यांच्या मागे'ची ओळ नव्हती. नजर अधू झालेल्या माणसानं ती किती सरळ कापली होती.

मी लिहिलं: मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे. भाची लिहिली नाही.

मामीनं वाचून पाहिलं. "कोनी राह्यलं तं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.