मायच्या तपासणीवहीतली चार पानं

भूतबाधेविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठा झालो. बोरी अरबच्या आमच्या घरात देवघर नाही, अंगारा नाही. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लपवणं त्याहून वाईट.

मायनं कधी दारूला हात लावला नाही, तरी तिच्या यकृतावर चरबी साचून ते कडक होत चाललं होतं. नागपूरच्या एका दवाखान्यात जीन थेरपीची चाचणी सुरू होती — एकच सलाईन, बिघडलेल्या जीनला गप्प करणारं. संमतीपत्राची ओळ न् ओळ मी मायला वाचून दाखवली. गरिबांवरच प्रयोग का, म्हणून डॉक्टरांशी भांडलोही. शेवटी मायच म्हणाली, "घेऊ दे बापू. तसंही जाचंच हाय."

सलाईननंतरचा रोजचा त्रास लिहायला दवाखान्यानं एक वही दिली. मायला लिहिता येत नाही, मीच लिहायचो. तिसऱ्या आठवड्यात मला चार दिवस यवतमाळला शिबिराला जायचं होतं, आणि शुक्रवारी दवाखान्याची ताई घरी येऊन वही बघणार होती. हजेरीपट आगाऊ भरणाऱ्यांवर मी भाषणं ठोकतो. मीच चारही पानं आगाऊ भरली. सगळीकडे 'ठीक' लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून मनानंच टाकलं — मंगळवारी मळमळ, बुधवारी ताप १०१.४, गुरुवारी दुपारी डाव्या नाकपुडीतून रक्त. शुक्रवारी ठीक.

शुक्रवारी ताईचा फोन शिबिरातच आला. "दादा, वही मस्त भरली तुम्ही. काकूंनी सांगितलं ते सगळं जुळलं. शेजारच्या मावशींनी बुधवारी मोजलेला तापही तेवढाच."

मी डॉक्टरांना सगळं कबूल केलं. ते चिडले. मग म्हणाले, ताप-मळमळ या औषधानं होतेच. डाव्या नाकपुडीतलं रक्त मात्र त्यात बसत नव्हतं.

वहीचं एकच पान उरलं, त्या संध्याकाळी मायचे डोळे पिवळे दिसले. झालेलं सगळं मी तिला सांगितलं होतं.

"उद्याचं पान आताच लिव्ह. माय बरी हाय म्हून."

"माय, असं लिहून काही होत नसते."

"मंग लिव्हाले भेतं कायले?"

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती उठली, भाकरी थापल्या, दोन खाल्ल्या. डोळे स्वच्छ.

आज पुन्हा पिवळे आहेत. उद्या पहिल्या गाडीनं तिला नागपूरला नेतोय. या सगळ्याला योगायोग म्हणायचं धाडस आता होत नाही. दुपारी दारव्ह्याला जाऊन मी एक नवी वही आणली... अजून कोरी आहे.