नाटकघराच्या फळ्या

सांता एल्विराचा, वाळवंटातून सोरा खणून काढणारा कारखाना बंद पडला, तेव्हा सुनिल्दा चाल्यापा अकरा वर्षांची होती. सगळी वस्ती शेवटच्या आगगाडीने समुद्राकाठी उतरली. चाळीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, ती एकटीच वाळवंटात परत आली. जुन्या रहिवाशांच्या मंडळाने तिला किल्ल्या दिल्या. धुराडं, बॉयलरघर, पडक्या चाळी आणि नाटकघर, सगळ्यांची राखण तिच्याकडे आली.

येणारा प्रत्येक जण तिच्या लेखी चोरच असे. "माझे आजोबा इथे कामाला होते," असं म्हणत डोळे पुसणारा एक सद्गृहस्थ जाताना पितळी कड्या उचकटून घेऊन गेला होता. तेव्हापासून ती पाहुण्यांच्या मागे सावलीसारखी फिरे, आणि निघताना त्यांची पिशवी बघायला मागे.

मे महिन्यात लिसांद्रो नावाचा एक चष्मेवाला कॅमेरा घेऊन आला. नाटकघरात शिरल्यावर तो स्टेजवर गुडघे टेकून बसला आणि बोटांनी जमीन चाचपू लागला. सुनिल्दाने हातातली काठी घट्ट धरली.

"काय हरवलंय तुमचं?"

"बाई, या मागच्या फळ्या कधी काढल्या?"

"इथलं काही काढत नाही कोणी. तुमचे हात खिशात ठेवा."

त्याने कॅमेऱ्यातला गेल्या वर्षीचा फोटो पुढे केला. जहाजाने ओरेगनहून आलेल्या पाइनच्या फळ्या, पडद्यापासून पार मागच्या भिंतीपर्यंत अखंड. आता भिंतीलगत नुसती माती होती. वर जुनं तरट टाकलेलं. अंधारात ते तिला कधी दिसलं नव्हतं.

"म्हणजे गेल्या वर्षी तुम्हीच पाहून गेलात," ती म्हणाली.

"मीच नेल्या असत्या, तर दाखवायला कशाला आलो असतो?"

तरीही तिने त्याच्या गाडीची डिकी उघडायला लावली. आत पाण्याचे कॅन आणि एक घोंगडी. तो न चिडता निघून गेला, आणि तिला जास्तच चुटपुट लागली.

पुढच्या दाराची किल्ली तिच्या कमरेला असे. मागे नाटकाचं सामान चढवायचं एक दार होतं. त्याची कडी वर्षानुवर्षं गंजून बसली आहे, असं ती धरून चालली होती. तिने बोट लावलं, तर कडी लोण्यासारखी सरकली. बोटाला काळं ग्रीस लागलं. गाडीचं ग्रीस.

इथे नेमाने येणारी गाडी एकच. दर गुरुवारी पाण्याचा टँकर आणणारा एरास्मो. त्याच्या मुलीला, इसिदोराला, बाप्तिस्म्याच्या वेळी सुनिल्दानेच धर्ममाता म्हणून हातात धरलं होतं. तेव्हापासून तो तिला 'कोमाद्रे' म्हणे, सख्ख्या बहिणीसारखं मानी. टाकीला नळी लावली की म्हणे, "तुम्ही सावलीत बसा, कोमाद्रे. भरायला तासभर लागेल. मी जरा पाय मोकळे करून येतो."

गुरुवारी टँकरचा आवाज आला, तशी ती नाटकघरात जाऊन खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. उजेडात पहार घेतलेला एरास्मो उभा.

"कोमाद्रे? अंधारात काय करताय?"

"नाटक बघायला आले. तुझंच काम आहे ना?"

त्याने पहार भिंतीला टेकवली.

"माझा बाप इथल्या बॉयलरपाशी भाजून मेला," तो म्हणाला. "आम्हाला काय मिळालं? चार फळ्या माझ्या पोरीच्या घरात लागल्या, तर कोणाचं बिघडलं?"

"इसिदोराच्या घरात?"

"गेल्या नाताळात तुम्हीच म्हणालात की, जमीन काय सुंदर झालीय."

ती म्हणाली होती. त्या जमिनीवर दोनदा नाचलीही होती.

"पहार इथेच ठेव," ती म्हणाली. "आणि जा."

तिने मंडळाला कळवलं की फळ्या गेल्या, आणि दोष राखणदाराचा, म्हणजे तिचाच. एरास्मोचं नाव घातलं नाही. मागचं दार तिने कच्च्या विटा रचून स्वतः लिंपून बंद केलं. एरास्मोचा टँकर येतच राहिला. दुसरं पाणी आणणार कोण? आता नळी सुटेपर्यंत ती टँकरजवळ उभी राहते. दोघं हवेबद्दल बोलतात.

पुढच्या नाताळात, ऐन उन्हाळ्यात, इसिदोराने बोलावलं, तेव्हा ती गेली. आत उकडतं असं सांगून, त्या जमिनीवर पाय न ठेवता अंगणातच बसली. इसिदोराने ताट बाहेर आणून दिलं आणि शेजारी बसून विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"तुझं काही नाही, पोरी," सुनिल्दा म्हणाली, आणि जेवायला लागली.