सतीश, सुलोचनेचा मुलगा

हे नीट उलगडलेलं नसतानाच लिहितो आहे. माझा सावत्रभाऊ सतीश मेंदूत रक्तस्राव होऊन कोल्हापूरच्या इस्पितळात बेशुद्ध पडला होता, आणि मी देवगडजवळच्या आमच्या घरी डोळे मिटून श्वास पाहत बसलो होतो. बौद्ध ध्यान मी एका शिबिरात शिकलो. विचार येतो, जातो, आपण पाहायचं. मागायचं काही नाही. मन स्थिर झालं की निघतो, असं बायकोला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. तिथल्या बाकावर सतीशची आई असणार होती. माझी आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, पण मी तिला कधी हाक मारली नाही. लोकांत 'सतीशची आई', समोर असली की काहीच नाही.

आमच्याकडे पर्यटकांसाठी खोल्या आहेत. त्या आठवड्यात अलिबागकडच्या एक ज्यू बाई उतरल्या होत्या, निवृत्त शिक्षिका, मराठी माझ्यापेक्षा चोख. सकाळी डोक्यावर पदर घेऊन, प्रार्थनेचं पुस्तक धरून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहत.

"मावशी, सूर्य पाठीमागे राहिला," मी एकदा म्हणालो.

"सूर्याशी काय काम? जेरुसलेम त्या बाजूला. आणि तू रे, भिंतीसमोर बसून कुणाशी बोलतोस?"

"कुणाशीच नाही."

"सुखी आहेस बाबा. मला तर रोज त्याच्याशी भांडावं लागतं."

शस्त्रक्रिया करावी लागणार असा फोन आला, त्या सकाळी बायकोने त्यांना सगळं सांगितलं. त्या पुस्तक घेऊनच माझ्यासमोर आल्या. "आजाऱ्याचं नाव सांग."

"सतीश." आणि पुढे वडिलांचं नाव जोडलं.

"बापाचं नको. आजाऱ्यासाठी मागताना आम्ही आईचं नाव घेतो. अमक्या बाईचा मुलगा, असं."

उठून निघून जावंसं वाटलं. ध्यानाचं शिक्षण तेवढ्यापुरतं उपयोगी पडलं असावं. ते वाटणं मी नुसतं पाहिलं, उठून गेलो नाही. मग म्हणालो, "सुलोचना." आयुष्यात पहिल्यांदाच. त्या हिब्रूत काहीतरी म्हणाल्या. मला दोन नावंच कळली.

दुपारी फोंडाघाटातून कोल्हापूर गाठलं. इस्पितळातल्या बाकावर ती एकटीच होती. मला पाहून थोडी सरकली. "इलंस? जेवलंस काय?"

"आये, तुका चाय आणू?"

ती म्हणाली, "आण. साखर कमी."

सतीशने पुढे डोळे उघडले. डावा हात अजून उचलत नाही. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो. बाकीचं कुणाच्या खात्यावर घालू? एका मार्गात पलीकडे कुणीतरी ऐकत असतो, दुसऱ्यात पलीकडचा प्रश्नच नाही. दोन्ही एकदम खरे कसे असतील, मला ठाऊक नाही. त्या बाईंना विचारलं असतं, पण मी परतलो तोवर त्या निघून गेल्या होत्या.

मी शांत होण्याची वाट पाहत बसलो होतो, आणि अशांत असतानाच मला तिथे नेलं गेलं. कुणी नेलं, ते ठरवण्याचा हट्ट आता सोडतो आहे. आये सध्या आमच्याकडेच राहते. सकाळी मी ध्यानाला बसलो की ती दार लोटून घेते आणि बाहेरून म्हणते, "बस तू. मी आसंय हयच."