होळीपासूनचं रीडिंग

आमच्या घरात माणसं दोन आणि मीटर पन्नास, असं माझी बायको आल्यागेल्याला सांगते. पन्नास नसतील, पण तिला खोटं पाडायला मी कधी मोजायला बसलो नाही. खामगावात आमच्या गच्चीवर टिनाची एक खोली आहे. जुने ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र, हातानं फिरवायचा मेगर, लाकडी पेटीतले मोजमापाचे ब्रिज, सगळं तिथं खच्चून भरलेलं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, मी भंगाराच्या दुकानांतून बंद पडलेले मीटर आणतो आणि चालू करतो. मे महिन्यात त्या टिनाखाली बसणं म्हणजे भट्टीत बसणं. "जीव गेला त् त्या डब्ब्यातच जाईन तुमचा," असं बायको म्हणते, आणि वर ताक आणून देते.

या नादात मी एकटा नव्हतो. माझा एक दोस्त होता, म्हणजे आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो. एकाच एक्स्चेंजमध्ये, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही नोकरी काढली. स्वभाव मात्र पूर्व-पश्चिम. माझं डोकं लगेच सटकतं आणि तो हसतो. मी ओरडायला लागलो की तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि माझं संपलं की म्हणायचा, "झालं? आता सांग, काय म्हणून राह्यला होता." त्याचा एक डोळा आता पूर्ण गेला आहे, दुसऱ्यात थोडकी नजर उरली आहे. ते सगळ्या जगाच्या आधी मला कळायला हवं होतं. डॉक्टरच्याही आधी, वहिनींच्याही आधी. ते कळायचं साधन माझ्या टेबलावर होतं आणि मी रोज संध्याकाळी त्याच्यात पाहत होतो. याची मला इतकी हळहळ वाटते की कधीकधी त्या खोलीत जावंसंच वाटत नाही.

झालं ते असं. एक्स्चेंजमधलं जुनं सामान निघालं तेव्हा ते किलोच्या भावात भंगारवाल्याकडे गेलं. आम्ही त्याच्या गोडाऊनला पोचलो तर त्याचा माणूस हातोडी घेऊन तांब्यासाठी पेट्या फोडत बसलेला. माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. दोस्तानं मला मागं ओढलं, भंगारवाल्याला चहा पाजला, त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी केली, आणि त्या ढिगातून दोन राखाडी पेट्या सोडवल्या. दोन्ही आमच्या ओळखीच्या. एक पेटी टोन देते, म्हणजे तारेत एक ठरावीक आवाज सोडते. दुसरी तारेच्या पलीकडच्या टोकाला बसते आणि तो आवाज किती पोचला ते काट्यावर दाखवते. टोन देणाऱ्यानं आपल्या पेटीवरचा काटा बरोबर शून्यावर लावायचा. पलीकडे जेवढा कमी भरेल तेवढा वाटेत गेला. लाइन चांगली की खराब, याचा निकाल आम्ही जन्मभर असाच लावला होता.

पेट्या दोन्ही मेलेल्या होत्या. त्या जित्या करायला एक पावसाळा आणि वर हिवाळा गेला. कागदी कपॅसिटर फुटून त्यांचं मेण खाली ओघळलेलं. स्विचचे पॉइंट काळेठिक्कर, ते आम्ही शाळेतल्या खोडरबरानं घासून काढले. एका मीटरचा काटा मध्येच अडायचा. त्याची केसासारखी स्प्रिंग दोस्तानं चिमट्यानं हळूच सरळ केली, आणि तेवढा वेळ मी तोंड बंद ठेवून बसलो, जे माझ्या बाबतीत नवलच आहे. त्याला तेव्हाही साखर होती. गोळी चालू होती आणि जेवणानंतरचा गुळाचा खडाही चालू होता.

पेट्या चालू झाल्या आणि मग डोक्यात उजेड पडला, आता मोजायचं काय? आमच्या कॉलनीत तारेचा फोन कुणाकडेच उरला नव्हता. स्वयंपाक तयार आणि जेवायला कोणी नाही, अशी गत. मी चिडून पेटीवर कपडा टाकला. दोस्त म्हणाला, "अबे, लाइन नाही त् टाकू नं आपण! आपल्याले कोण अडवते?"

टेलिफोनची काळी वायर त्याच्या गच्चीवरून माझ्या गच्चीवर आणली. मधल्या घरांच्या पाया पडलो तेव्हा कुठं ती ओढता आली. एका बाईनं विचारलं, "काऊन हो, केबल घेऊन राह्यले का?" दोस्त म्हणाला, "हाव, फुकटची आहे बाई. पण चॅनल एकच लागते."

टोनची पेटी त्याच्या घरी, मोजायची माझ्याकडे, आणि मग रोज दिवेलागणीला आमचं सुरू. बोलायचो मोबाइलवरच. "सोड टोन." "सोडला." "शून्यावर आहे?" "शून्यावर." माझा काटा अर्धा डेसिबल खाली थांबायचा. "अर्धा," मी सांगायचो. "बरोबर," तो म्हणायचा. त्यानंतर कापसाचा भाव, गुडघे, कोणाचा पोट्टा कुठं लागला, अशा गप्पा. बायको म्हणायची, "हातात मोबाइल असून दोघं मिळून त्या वायरीत काय शोधता बाप्पा?" काय सांगणार तिला? त्या अर्ध्या डेसिबलशिवाय मला जेवण गोड लागत नव्हतं. म्हातारपणी रोज कोणाला तरी एक गोष्ट विचारावी आणि उत्तर बरोबर यावं, हे मला फार होतं.

होळी झाली आणि काटा बिनसला. एका संध्याकाळी एकदम दीड खाली. "शून्यावर आहे ना?" "शून्यावरच आहे बे." दुसऱ्या दिवशी एक, मग दोन, मग परत एक. मी म्हटलं, जॉइंट गेला. आमच्या कॉलनीत वानरांची टोळी येते, सगळा आरोप मी तिच्यावर ठेवला. अख्खा उन्हाळा मी टोपी घालून गच्च्यागच्च्यांवरून ती वायर तपासत फिरलो. प्रत्येक जॉइंट सोलला, नवा बांधला, वर पट्टी गुंडाळली. एकदा वानराकडे बघता बघता माझा पाय शेजारणीच्या उडदाच्या पापडांवर पडला. तिनं मला जे ऐकवलं ते मी मुकाट ऐकून घेतलं, कारण पापड तिचे होते आणि पाय माझा होता.

दोस्त खाली शिडी धरून उभा राहायचा. मी वरून म्हणायचो, लाल पट्टी दे. तो पिशवीत चाचपायचा आणि काळी वर करायचा. "बह्याडा, रंग समजत नाही का तुले?" मी ओरडायचो. तो हसून दुसरी द्यायचा, कधी तीही चुकीचीच. मला वाटायचं, उन्हानं याचं डोकं चालत नाही. त्याच्या हसण्याला मी कधी निरखून पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष तारेत.

आणि मग जे झालं त्यानं तर माझे डोळे उघडायलाच हवे होते. आषाढात एक दिवस माझा काटा शून्याच्या वर गेला. आता, लाइन कधी वाढवून देत नसते. विहिरीवर एक बादली भरली तर घरी येईस्तोवर सांडून पाऊण होईल, दीड कधी होत नाही. खात्यात लागलेल्या नव्या माणसाला आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो. पोचलं जास्त, याचा अर्थ सोडलं जास्त. म्हणजे सोडणाऱ्याचा काटा शून्यावर नाही. सरळ गोष्ट. पण त्या टोकाला माझा दोस्त बसला होता, आणि तो "शून्यावर" म्हणाला की शून्यावर असतं, हे मी इतकी वर्षं धरून चाललेलो. म्हणून मी काय केलं? माझी स्वतःची पेटी खोलली! चांगले कपॅसिटर काढून दुसरे घातले. "तुझी पेटी पाहू का एकदा?" असं मी एकदा विचारलंही. तो म्हणाला, "माही ठीक आहे. तू आपली पाह्य." मी परत माझीच पाहिली. कर्म माझं!

पोळा झाला त्या आठवड्यात मी वैतागलो. बायकोला माझ्या पेटीसमोर बसवलं, काटा कसा वाचायचा ते दाखवलं, आणि न सांगता त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. तो मागच्या खोलीत पेटीसमोर बसला होता. मी चपला काढून त्याच्यामागं जाऊन उभा राहिलो. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून त्यानं तोंड मीटरच्या काचेला जवळजवळ टेकवलं होतं. एका हातानं तो बटण फिरवत होता आणि कान पेटीकडे लावून टोनचा आवाज ऐकत होता. आवाजाच्या अंदाजानं त्यानं बटण थांबवलं आणि मोबाइलवर माझ्या बायकोला म्हणाला, "सोडला. शून्यावर आहे." काटा शून्यापासून अंगठाभर लांब होता.

"कुठं शून्यावर आहे बे?" मी मागून ओरडलो. "आंधळा झाला का?"

तो हसला नाही. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर ओरडलो आणि तो हसला नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं, पण पाहिलं माझ्या कानाच्या बाजूला. "धूसर दिसते थोडं," तो म्हणाला. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या तसाच. मोबाइलवरून माझी बायको विचारत होती, "सांगू का, किती आला ते?" मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी गाडी करून त्याला अकोल्याला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं थेंब घातले, बराच वेळ यंत्रातून पाहिलं आणि विचारलं, कधीपासून दिसत नाही? दोस्त म्हणाला, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." मी म्हणालो, "होळीपासून." वहिनी माझ्याकडे पाहायला लागल्या. "तुमाले काय माहीत भाऊजी? मले नाही माहीत, अन् तुमाले माहीत?" मग त्या खोलीत, रांगेतले पेशंट दारातून डोकावत असताना, मी डॉक्टरला पेट्या, वायर, अर्धा डेसिबल, सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा मलाच हिशेब लागत गेला. पहिल्यांदा दीड आला, तेव्हा नजर बिघडायला लागली असणार. वरखाली व्हायला लागलं, तेव्हा काटा दिसेनासा झाला असणार. शून्याच्या वर गेला, तेव्हा तो निव्वळ कानानं लावत असणार.

डॉक्टरनं पूर्ण ऐकून घेतलं. साखरेमुळं डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, म्हणाला. उजव्यात आता काही करण्यासारखं नाही, डावा जेवढा राखता येईल तेवढा राखू. होळीच्या सुमाराला आणलं असतं तर लेझरनं बरंच वाचलं असतं. हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, रागावला वगैरे नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या आणि मी त्यांच्यामागं जाऊ शकलो नाही.

त्या दिवशी डाव्या डोळ्याला लेझर झालं. परत येताना वहिनी ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या, आम्ही दोघं मागं. दोस्ताच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. बाळापूर मागं पडलं. शेवटी माझ्यानं राहवलं नाही. हळूच विचारलं, "काऊन नाही सांगितलं बे? बायकोले नाही, त् मले तरी सांगायचं."

तो खिडकीकडे तोंड करून होता. म्हणाला, "तुले सांगितलं असतं त् तू पेटी घेऊन गेला असता. काटा दिसत नाही त्या माणसाच्या हातात तू मीटर ठेवते का? मंग संध्याकाळी मी काय करू?"

"काहीतरीच बोलतो," मी म्हणालो. "मी काऊन नेईन?"

मी माझ्या मांडीवरच्या औषधांच्या पिशवीकडे पाहत बसलो. होळीला तो मला म्हणाला असता की काटा दिसत नाही, तर डोळ्याचं विचारायच्या आधी मी ती पेटी उचलली असती.