टोकं वर असलेले खिळे

पक्षाघातानं सुताराच्या बायकोचा डावा हात लुळा पडला, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. "एका हातानं साधा बटाटा चिरता येत नाही. मी आता घरातली अडगळ," असं ती म्हणे, आणि सुताराच्या घशाखाली घास उतरत नसे.

एके सकाळी दवाखान्यातून व्यवसायोपचाराच्या बाई घरी आल्या. रोजची कामं पुन्हा जमवून देणं हेच त्यांचं काम. म्हणाल्या, "काका, भाजी चिरायच्या फळीला खालून दोन खिळे ठोका, गंज न चढणारे. टोकं वर येऊ द्या."

"चाळीस वर्षं टोकं लपवण्यात गेली माझी! उघडं टोक ठेवणाऱ्याला मी गाढव म्हणत आलोय."

"मग आज एकदा व्हा गाढव," बायको म्हणाली.

त्यानं खिळे ठोकले. तिनं उजव्या हातानं बटाटा टोकांवर दाबून बसवला आणि त्याच हातात सुरी घेतली. बटाटा जागचा हलला नाही. एक चकती पडली, मग दुसरी.

सुतारानं तोंडात बोटं घातली. आयुष्यभर हाताळलेला खिळा कुणाचा हात होऊ शकतो, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "गॅस पेटवा."