आमच्या वीराचा घोडा

आमच्या देवघरात एक वीर होता. म्हणजे दोन बोटं रुंदीचा चांदीचा टाक आणि त्यावर कोरलेला आमचा कोणी पूर्वज. दर धुळवडीला त्याला हातात घेऊन, हलगीच्या तालावर नाचवत रामकुंडावर न्यायचं आणि आंघोळ घालून परत आणायचं. नाशकात त्या दिवशी घराघरांतले वीर असे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येतात. आमचा वीर नाचवायचा मान आबांचा होता. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. भाजीचा मळा, डोक्याला फेटा आणि आवाज असा की त्यांनी मळ्यात बैलाला हाक मारली तर नाशिक रोडला गाडी सुटायची थांबे.

हा वीर मूळचा कोण, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे ते प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. वडिलांच्या मते तो किल्ल्याच्या दारात पडला. आत्याच्या मते त्याने वाघ मारला आणि वाघाने त्याला. मी कॉलेजात मित्रांना सांगताना त्याच्यासमोर दोन हत्ती उभे केले होते. ते पटले, म्हणून पुढच्या वर्षी तिसरा आणला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी अडचण आली ती चिंचेने. पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राख लावून घासल्यामुळे टाक पार गुळगुळीत झाला होता. माणूस कुठे आणि चांदी कुठे, ते कळेना. होळीच्या तीन आठवडे आधी आबा मला म्हणाले, "चल, नवा करून आणू." मला म्हणाले, कारण स्कूटर माझी होती.

सराफ बाजारातल्या त्या कारागिराचा तराजू इतका नाजूक होता की गिऱ्हाईक खोटं बोललं तरी पारडं हलायचं. त्याने जुना टाक उजेडात धरला, उलटा केला आणि विचारलं, "घोड्यावर काढू की पायी?"

लढाईत पडलेला असेल तर घोड्यावर. दुसऱ्या कशाने गेला असेल तर जमिनीवर उभा. त्याच्याकडे दोन्हींचे ठसे तयार होते. मी "घोडा" म्हणणारच होतो, पण आबांनी माझा दंड दाबला. चार दिवसांनी सांगतो म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

खाली आल्यावर मला म्हणाले, "मी गेल्यावर तुमची पोरं जे हाय त्यालाच हात जोडणार. आजवर नाचवला तो मला दिला तसा नाचवला. खोटा घोडा माझ्या हातून नको."

मग आम्ही रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला जो कोणी येतो, त्याचं नाव, गाव आणि येण्याचं कारण ते वहीत उतरवून ठेवतात. बापाने लिहिलं, आजाने लिहिलं, असं चालत आलेलं. आमचं मूळ गाव कळवणकडचं. गुरुजींनी त्या भागाचं लाल फडक्यातलं बाड काढलं. ते उचलायला दोन यजमान लागले, त्यातला एक मी. फडकं सोडलं तेव्हा एवढी धूळ उडाली की गंगेपलीकडे एक माणूस शिंकला.

गुरुजी मोडी वाचत होते. आबा मांडी घालून, फेटा काढून बसले होते. दीड तासाने गुरुजींचं बोट थांबलं. आबांच्या आजाने तिथे लिहवून घेतलं होतं की थोरला भाऊ बारा वर्षं परागंदा आहे, वाट पाहिली, आता कणकेचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म केलं आणि त्याचा टाक देवघरात बसवला.

लढाई नव्हती. वाघ नव्हता. माझे तिन्ही हत्ती जागच्या जागी बसले.

"म्हणजे गेला तो कशानं, ते काय कळलं नाय," आबा म्हणाले.

गुरुजींनी आणखी सात-आठ पानं उलटली आणि चष्मा पुसला. "आबा, हा तर नंतर इथे आलेला दिसतो."

"कोण?"

"तोच. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच. आईच्या अस्थी घेऊन आला. पायी आलो म्हणून सांगितलंय. खाली निशाणी नांगराची. खुद्द."

सही येत नसलेला शेतकरी नांगर काढायचा. तो नांगर मी पाहिला. आडवा, थोडा थरथरलेला. घरात त्याचा टाक पूजेला लागल्यानंतर त्याने तो स्वतःच्या हाताने काढला होता. मधली वर्षं तो कुठे होता आणि पुढे त्याचं काय झालं, याची नोंद गुरुजींना सापडली नाही. घरच्यांनी टाकही देवघरातून काढला नव्हता. का, ते विचारायला कुणी उरलं नव्हतं.

मी आबांना धीर द्यायला सुरुवात केली, की मधल्या काळात तो फौजेत असेल, काबूलपर्यंत गेला असेल.

"तू गप," आबा म्हणाले. "चालत आला म्हणून लिवलंय."

तिथून आम्ही थेट सराफ बाजारात गेलो. आबांनी पायी काढायला सांगितलं. कारागिराने उभ्या वीराचा ठसा पुढे सरकवला. त्याच्या हातात तलवार होती.

"तलवार नको. गाडगं दे."

कारागिराला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. वीराच्या हातात गाडगं कुणी काढत नाही, लोक हसतील, आणि ठसा नाही म्हणजे सगळं हाताने कोरावं लागेल, असं त्याने तीन प्रकारे समजावून पाहिलं.

"हसू दे, शेठ. आईच्या अस्थी घेऊन येणारा माणूस आणखी काय धरंल हातात?"

जुनीच चांदी आटवून त्याने टाक केला. दहा दिवस लागले.

धुळवडीला भावकीतल्या एकाने तो हातात घेऊन, उलटासुलटा करून पाहिला आणि चारचौघांत विचारलं, "आबा, घोडा इकला का काय?"

"नव्हताच," आबा म्हणाले आणि हलगीवाल्याला खूण केली.

त्या वर्षी ते नाचले मात्र हळू, पाय मोजून टाकत. हलगीवाला दोनदा पुढे निघून गेला आणि दोनदा परत आला. कुंडात टाक बुडवल्यावर त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला. नव्या कोरीव कामात, गाडग्याच्या काठाशी गुलाल अडकून बसला होता. पायरीवर बसून ते नखाने तो काढत राहिले, आणि आम्ही सगळे ओल्या कपड्यांत उभे होतो.